दिंडीच्या फिल्मांची पेटी

(शताब्दी सप्ताहात लासूर स्टेशन येथील मंडपात केलेलं भाषण. बोललो तसं उतरवून घेतलं आहे, वाक्यं थोडी पुढंमागं केली आहेत.)



 आज आमच्यापुढं अभंग लावलेला नाही. कीर्तन रात्री आहे आणि ते दुसऱ्या महाराजांचं आहे. स्मरणिका समितीनं आम्हाला सांगितलं, की महाराज, ह्या पुस्तकात जुने फोटो आलेत ते कुठून आले, कसे काढले, तेवढं लोकांना सांगा. म्हणून उभे राहिलो. चौथी शिकलेल्या माणसानं स्कॅनरवर बोलायचं म्हणजे बैलानं ट्रॅक्टरवर बोलायचं. पण चातुर्मासाचे चार महिने त्या यंत्रापुढं बसलो आहोत, तेव्हा जे हातानं केलं तेवढंच सांगू.

शताब्दीची पहिली बैठक झाली तेव्हा ठरलं, की जुने फोटो गोळा करायचे. मठात भिंतीवर सहा होते. घरोघर फिरलो, वाडी-वस्तीवर गेलो, त्यातून तीसेक मिळाले. बाकीचे काय झाले? कुणाचा वाळवीनं खाल्ला, कुणाचा पावसाळ्यात काचेला चिकटला आणि काढायला गेलं तर तोंडच काचेवर राहिलं. एका घरात तर आजोबाच्या फोटोच्या मागच्या पुठ्ठ्यावर दुधाचा हिशोब होता, फोटो नव्हता.

मग स्टेशनवरचे आपले जुने फोटोग्राफर नाना आठवले. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पोरं आता मोबाइल विकतात. नाना खाटेवर होते. म्हणाले, "महाराज, फोटो एकबी नाही. फिल्मा आहेत." पत्र्याची पेटी होती, धान्याच्या कोठीमागं. भंगारवाल्यानं दोनदा किलोवर मागितली होती, कारण काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चांदी असते हे त्याला ठाऊक होतं. नानांनी दिली नाही. पेटीत कागदी पाकिटं, त्यांवर निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं, लग्न अमुक, बारसं तमुक, आणि मधेमधे "दिंडी". लग्नं-बारशी सोडून दिंडीची तेवढी वेगळी काढली तर सहाशेच्या वर चित्रं निघाली.

आता पोरांसाठी सांगतो, कारण त्यांनी फिल्म पाहिलेलीच नाही. मोबाइलच्या आधी कॅमेऱ्यात रीळ घालायचे. बारीक रिळात छत्तीस फोटो यायचे, रुंद रिळात चौकोनी बारा. 'इंदू' नावाचं रीळ आपल्या देशात, उटीच्या कारखान्यात व्हायचं. त्या रिळावर जे उमटतं ती निगेटिव्ह. तिच्यात सगळं उलटं. पहिली पट्टी आम्ही खिडकीला धरून बघितली तर वारकऱ्याचं धोतर काळं, आभाळ काळं आणि कपाळावरचा बुक्का पांढराशुभ्र. घटकाभर आम्ही ती खाली ठेवलीच नाही.

आणि एक कबूल करायचं. अशीच फिल्मांची दोन पाकिटं आमच्या घरी होती. १९९५ च्या दिवाळीत सकाळी सूर्यग्रहण लागलं, पोरं म्हणाली काळी काच पाहिजे. आम्हीच पाकिटं काढून दिली. गल्लीतल्या लेकरांनी वारीच्या फिल्मांतून सूर्य बघितला आणि फिल्मा उकिरड्यावर गेल्या. डोळ्यालाही ते धोक्याचंच, हे नंतर कळलं. फोटो घरात आहेत, ह्या पट्ट्या कशाला, असं तेव्हा वाटलं. पुढं फोटोही गेले.

स्कॅनर आमच्या भाच्याच्या मुलानं आणला. तो वाळूजला कंपनीत आहे. त्यानं जुनाच घेतला, कुणाचा तरी वापरलेला. ऑफिसात कागद ठेवून झेरॉक्ससारखा काढतात तसाच दिसतो, पण झाकणात दिवा आहे. कागदावर उजेड पडून तो परत येतो, फिल्ममधून मात्र उजेड आरपार जावा लागतो, म्हणून झाकणातला दिवा पाहिजे. नुसत्या साध्या स्कॅनरवर आम्ही आधी करून बघितलं, काळा पट्टा आला. ह्या यंत्राबरोबर प्लॅस्टिकची चौकट येते, तिच्यात बारीक फिल्मच्या दोन पट्ट्या बसतात, म्हणजे एका वेळी बारा चित्रं.

पहिल्या दिवशी यंत्र आमच्या ओसरीवर मांडलं. शेजारी कांद्याची चाळ. संध्याकाळपर्यंत पंधरा चित्रं झाली आणि पंधराही चित्रांत बर्फ पडल्यासारखं दिसत होतं. फिल्मवरचा एक कण आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण चित्र मोठं केलं की तो ज्वारीच्या दाण्याएवढा होतो, आणि निगेटिव्ह उलटी केली की तो कण पांढरा दिसतो. मग यंत्र मठातल्या फरशीच्या खोलीत हलवलं. खिडक्या बंद, पंखा बंद, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, मग हात धुऊन सुती मोजे घालून बसायचं. फिल्मवर तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकीचा शिंतोडा जातो. रबरी फुग्यानं वारा मारायचा. धोतराच्या सोग्यानं तर अजिबात पुसायचं नाही. आम्ही एक पुसली, तिच्यावर नांगराच्या तासासारखे ओरखडे उठले, ते आता जन्माचे.

किती बारीक काढायचं ह्यावर चर्चा झाली. यंत्राच्या खोक्यावर मोठमोठे आकडे लिहिलेले असतात. मुलगा म्हणाला, तेवढं काढून नुसती जागा भरते, चित्रात भर पडत नाही. बारीक फिल्मला एका इंचात २४०० ठिपके पुरतात. आम्ही विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, आबा, एका इंचात चोवीसशे सऱ्या पाडल्या असं समजा. फिल्मचं चित्र छत्तीस मिलिमीटर रुंद, म्हणजे दीड इंचही नाही, त्यात साधारण ३४०० ठिपके येतात. पुस्तक छापायला इंचाला ३०० लागतात. भागाकार आम्हाला येतो. अकरा इंच झाले. पुस्तकाच्या पानाला तेवढं भरपूर आहे.

रंगीत फिल्मसाठी यंत्रात धूळ ओळखायची एक सोय आहे. डोळ्याला न दिसणारा उजेड सोडतात, रंगीत चित्रातून तो सरळ जातो आणि धुळीशी अडतो, त्यावरून यंत्र धूळ हेरतं. काळ्या-पांढऱ्या फिल्मला ती चालत नाही. तिथं चित्रच चांदीचं, चांदी तो उजेड अडवते आणि यंत्र सगळ्या दिंडीलाच धूळ समजतं. म्हणून आपल्या चारशेच्या वर चित्रांवरचा एकेक कण पोरींनी हातानं टिपला आहे. बारावीच्या दोघी पोरी होत्या, त्यांनी ज्वारी निवडावी तसे फोटो निवडले.

सुलट-उलटचा घोळ मात्र लई झाला. फिल्मला दोन बाजू, एक चकचकीत, एक मंद. मंद बाजूला चित्राचा थर असतो. फिल्म पालथी पडली की डावं उजवीकडं जातं. पहिली पालथी पट्टी लगेच कळली, कारण फलाटावरची पाटी होती आणि 'लासूर' उलटं आलं. पण शेतातून, रस्त्यानं चाललेल्या दिंडीत अक्षर कुठून येणार? ते आपल्या पखवाजी बुवांनी ओळखलं. चित्र बघून म्हणाले, "ह्याची धूम उजव्या हाताला कशी?" पखवाजाला कणीक लावतात ती धूम डाव्या हाताखाली, शाई उजव्या. आम्हाला वाटलं, चला, नियम सापडला. जिथं पखवाज दिसेल तिथं धूम डावीकडं आणायची. अशी पन्नासेक चित्रं आम्ही धडाधड फिरवली.

एकादशीला ती मठात दाखवली तर एक म्हातारे टाळकरी ओरडले, "हे नगरच्या वेशीतून भलतीकडं कुठं चाललेत?" बघतो तर त्या चार वर्षांत दिंडीला जो पखवाजी होता तो डावराच होता. धूम उजव्या हातानंच वाजवायचा. म्हातारे म्हणाले, "त्याला सुलटा करायला लई जणांनी बघितलं. तुम्ही मेल्यावर केला." मग मुलानं फिल्मची कड दाखवली. कडेला बारीक आकडे आणि अक्षरं छापलेली असतात. चकचकीत बाजूनं बघितलं आणि ती सरळ वाचता आली, की चित्र सरळ. पखवाजाकडं बघायचं कारण नाही. सगळी पन्नास चित्रं पुन्हा तपासली.

त्याच कडेवर 'सेफ्टी' असं छापलेलं असतं, तेही तेव्हाच कळलं. पूर्वीची सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची, ती पेट घ्यायची. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्यांच्याकडच्या जुन्या नायट्रेट फिल्मांना २००३ च्या जानेवारीत आग लागली आणि पुष्कळ जुने सिनेमे त्यात गेले. प्रभातचा 'संत तुकाराम' आपण सगळ्यांनी बघितला आहे, विष्णुपंत पागनीसांचा, १९३६ चा. आम्ही तो यात्रेत तंबूत बसून बघितला. व्हेनिसला त्याचा सन्मान झाला, पण तीही शेवटी फिल्मच, पेटीत ठेवलेली. 'सेफ्टी'वाली सहज आग धरत नाही, पण नासते. उष्णतेनं, दमटपणानं तिला आंबट वास सुटतो, लोणचं बिघडल्यासारखा, मग ती आखडते, सुरकुतते. नानांच्या पेटीतली तीन पाकिटं तशी निघाली. एका रिळाची गुंडाळी घट्ट चिकटली होती. आम्ही ओढणार होतो, नानांनी खाटेवरून हात केला, "ओढू नका, थर निघून येईल." ती तशीच ठेवली आहे. कुणी जाणता भेटला तर बघू. त्या पाकिटावर 'दिंडी, ७२' लिहिलं आहे. दुष्काळातली वारी आहे ती, आणि तीच उघडत नाही.

स्लाइडांचं वेगळं. स्लाइड म्हणजे सुलटी फिल्म, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली, भिंतीवर उजेडानं दाखवायची. आपल्याच भागातले एक डॉक्टर घाटी दवाखान्यात होते. एका वर्षी ते दिंडीबरोबर नेवाशापर्यंत चालले आणि संध्याकाळी वारकऱ्यांच्या पायांना मलमपट्टी करत गेले. त्यांच्या मुलीनं डबा दिला, साठ स्लाइडा. आम्ही मोठ्या आशेनं यंत्रावर लावल्या. चाळीस स्लाइडांत नुसते पाय! फोड आलेले, भेगा पडलेले, चिंध्या बांधलेले पाय. शिकणाऱ्या पोरांना दाखवायला काढले होते म्हणे. समितीतले एक जण म्हणाले, हे काय छापायचं? पण एकादशीला पडद्यावर लावले तर मागून एक आजी उठून पुढं आली. उजव्या पायाचं मधलं बोट नसलेला एक पाय होता. "हे आमचं घर," म्हणाली. त्यांचं बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं. आजी बराच वेळ पडद्याजवळ उभी राहिली आणि मग दुसऱ्या पायांचीही नावं सांगायला लागली. चाळिसांपैकी अकरा पायांची नावं लागली. ते पान पुस्तकात आहे, बघा.

असं दर एकादशीला चाललं. हरिपाठ झाला की पडदा. यंत्रानं चित्र निघतं, पण चित्रात कोण आहे ते यंत्राला काय माहीत? परतीच्या गाडीची बारा चित्रं आहेत. त्यावर तरणी पोरं म्हणाली, ही एवढी लहान गाडी कुठली? तेव्हा म्हाताऱ्यांनी सांगितलं, की पंढरपूर ते कुर्डुवाडी बार्शी लाइटची छोटी गाडी, कुर्डुवाडीहून दौंड, मनमाड मोठी गाडी आणि मनमाडहून लासूर मधल्या मापाची मीटरगेज. घरी यायला तीन मापांचे रूळ लागायचे आणि दर ठिकाणी विणा, पखवाज, पताका, पातेली उतरवून पुन्हा चढवायची. आपल्याकडं मोठे रूळ नव्वदच्या दशकात आले. चित्रात एक माणूस खिडकीतून पातेलं आत देतो आहे आणि आतल्या माणसाचे फक्त दोन हात दिसतात. त्या हातांवर दोन घरांत भांडण झालं. दोन्ही घरं म्हणतात आमचे. आम्ही पुस्तकात 'दिंडीचे सेवेकरी' एवढंच लिहिलं.

मोबाइलवाल्या पोरांनी मधेच एक उद्योग केला. जुने फोटो आपोआप नवे करणारं ॲप असतं. त्यांनी आपल्या तिसऱ्या विणेकऱ्यांचा फोटो त्यात घातला. दात नसलेल्या माणसाला दात आले, गाल भरले, धोतराला कसलासा निळा रंग आला. आणि कपाळावरचा बुक्का गेला! त्या यंत्राला वाटलं डाग आहे, पुसून टाकला. पोरांना आम्ही रागावलो नाही, हौसेनं केलं होतं. पण समितीत ठराव केला, की कण टिपायचे, उजेड कमी-जास्त करायचा, बस. माणसाच्या तोंडाला हात लावायचा नाही.

आता जे सांगायला उभे राहिलो ते.

मठात दाराच्या समोर जो मोठा फोटो आहे, पन्नासाव्या वर्षाचा, १९७४ चा, तो इथं बसलेल्या प्रत्येकानं पाहिलेला आहे. कायगाव टोक्याला गंगेच्या वाळूत काढलेला. जायकवाडी १९७६ ला पुरी झाली, पाणी मागं फुगलं, आता तिथं तशी वाळू दिसत नाही. वर पताका, खाली अकरा जण, मधे विणेकरी, त्यात आमचे आजे आहेत. फोटोखाली अकरा नावं रंगानं लिहिली आहेत. आणि फोटोच्या खालच्या कडेला, मधोमध, एक काळा डाग आहे. आम्ही लहानपणापासून बघतो. पाणी लागलं असेल, बुरशी असेल असं म्हणत आलो. एकदा तर आम्हीच काच काढून ओल्या कापडानं पुसून बघितला होता.

नानांच्या पेटीत त्याची फिल्म निघाली. चौकोनी, रुंद रिळाची. यंत्रावर ठेवली, मुलानं उलटी केली आणि चित्र पडद्यावर वरून खाली यायला लागलं. पताका आली, आभाळ आलं, अकरा जण आले, आणि चित्र थांबेना. त्यांच्या पायाशी अजून एक ओळ होती. वाळूत मांडी घालून बसलेल्या सहा बाया. मधलीच्या मांडीवर तुळशीवृंदावन. भिंतीवरचा तो डाग म्हणजे त्या तुळशीचा शेंडा.

मधली बाई आमची मोठी माय होती. थोरली चुलती. लहानपणी विधवा झालेली, तीस वर्षं डोक्यावर तुळस घेऊन ह्या दिंडीत चालली. आम्हाला तिनं वाढवलं. आमच्या घरात आजे-वडिलांचे फोटो आहेत, तिचा नाही. कधी काढलाच नाही असं आम्ही धरून चाललो होतो. मुलगा विचारत होता, आबा, ह्या कोण? आम्हाला बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नानांकडं गेलो. विचारलं, नाना, बाया का कापल्या? नाना म्हणाले, "महाराज, फिल्म चौकोनी होती, मोठा कागद चौकोनी नव्हता. बारा बाय पंधरा. वरून तरी कापा, नाहीतर खालून. तुमच्या आज्यानं सांगितलं, पताकेला धक्का लागता कामा नये." आम्ही काय बोलणार? पताका कापायची नाही हे बरोबरच होतं. तिसरा मार्गही होता, दोन्ही बाजूंनी कागद कोरा सोडून सगळं चित्र लहान काढायचं. तो कुणाला सुचला नाही. नानांना सुचला असेल, पण गिऱ्हाईक सांगेल तसं.

आणि कागदाला बोल लावून आम्ही सुटत नाही. कारण ह्या पुस्तकासाठी दिंडीच्या जुन्या सेवेकऱ्यांची यादी आम्हीच केली होती. भिंतीवरच्या फोटोखालची नावं आणि जमाखर्चाच्या वह्या, यांवरून. वह्यांत पुरुषांची नावं आहेत, कुणी किती रुपये, किती पायली ज्वारी दिली. बायांपुढं नुसता आकडा. 'स्त्रिया १४', 'स्त्रिया १९'. त्यांनी दिलेलं पीठ, डाळ नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नावावर जमा. आम्ही यादी केली त्रेसष्ट नावांची, समितीपुढं वाचली, सगळ्यांनी माना डोलावल्या. त्रेसष्टांत बाई एकही नव्हती. जिच्या हातची भाकरी खाऊन आम्ही वाढलो, तिलाही आम्ही धरलं नव्हतं. ते आमच्या लक्षातही आलं नव्हतं.

फिल्म निघाल्यावर आम्ही म्हणालो, यादी पुन्हा करायची. समितीत मतं दोन झाली. काही जण म्हणाले, सगळ्यांची नावं मिळायची नाहीत, अर्धी छापली तर उरलेल्यांच्या घरचे रुसतील, त्यापेक्षा 'समस्त महिला मंडळ' लिहा. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. दोन बैठका त्यात गेल्या. शेवटी असं ठरलं, की जी सापडतील ती छापायची आणि खाली दहा ओळी कोऱ्या सोडायच्या, ज्याला आठवेल त्यानं पेननं लिहावं.

मग पडद्यावर पुन्हा सगळी चित्रं लावली, ह्या वेळी कडेकडेनं बघितली. दिंडीचा फोटो म्हणजे काढणारा विण्याकडं, पखवाजाकडं बघतो. संदेश भंडारे यांचं वारीवरच्या फोटोंचं चांगलं पुस्तक आहे, त्यात माणसं जवळून दिसतात. आपल्या फिल्मांत बाया कडेला, मागं, अर्ध्या कापलेल्या. हंडा भरताना पाठमोरी, चुलीच्या धुरात, पालाच्या सावलीत. म्हाताऱ्या बाया पुढं येऊन बसल्या. एकीनं लुगड्याच्या काठावरून ओळखली, एकीनं चालीवरून, एकीनं कोपरावरच्या गोंदणावरून. पण ओळखायच्या त्या 'अमक्याची आई', 'धाकट्या वाड्यावरची थोरली सून' अशा. तिचं नाव काय, विचारलं की गप्प. नावं घ्यायची चालच नव्हती.

आम्ही तरी कुठं वेगळे? मोठ्या मायचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. सातबाऱ्यावर ती नाही, रेशनच्या जुन्या कार्डावर तिच्या नावाची ओळ उंदरानं खाल्लेली. वैजापूर तालुक्यात तिचं माहेर, तिथं गेलो. कुणी ओळखेना. शेवटी तिच्या भावाचा मुलगा भेटला, आमच्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानं लगेच सांगितलं, कारण त्याच्या बहिणीला तेच नाव ठेवलं होतं. बासष्ट वर्षं ज्या बाईला आम्ही माय म्हणत होतो तिचं नाव आम्ही त्या दिवशी ऐकलं. यादीत छापलं आहे. इथं उच्चारत नाही, आमचा आवाज जातो, आणि पुढं ध्वनिक्षेपक आहे.

सत्तावीस नावं मिळाली. सहा जणींच्या फोटोतल्या तीन लागल्या, तीन नाहीत. फोटो पुस्तकात पूर्ण छापला आहे, पताकेसकट आणि तुळशीसकट, दोन्ही बाजूंना कोरा कागद सोडून. भिंतीवरचा जुना काढलेला नाही. तो तसाच आहे, त्याच्या खाली नवा लावला आहे.

आता कामाचं दोन शब्दांत. ज्यांच्या घरी अशा फिल्मा असतील त्यांनी फेकू नका. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, तिथं उन्हाळ्यात भाजून निघतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कागदाच्या पाकिटात ठेवा, कोरड्या कपाटात. पाण्यानं धुऊ नका. वाकडी झाली असेल तर इस्त्री करू नका, एकानं केली आहे, नाव घेत नाही. मठात घेऊन या. आम्ही दर एकादशीला हरिपाठानंतर तिथं आहोत, भाच्याचा मुलगा रविवारी येतो. आपल्यासमोर काढू आणि फिल्म परत देऊ. नानांच्या फिल्माही स्कॅन झाल्या म्हणून टाकलेल्या नाहीत. यंत्रातली चित्रं तीन ठिकाणी ठेवली आहेत, एक मठात, एक वाळूजला, एक पखवाजी बुवांच्या घरी. डबा एकच असला की काय होतं ते आमच्या दिवाळीनं आम्हाला दाखवलं आहे.

आणि त्या तीन बाया. मोठा फोटो मंडपाच्या दाराशी लावला आहे. डावीकडून पहिली, नाकात मोठी चमकी, मांडीवर लेकरू, लेकराच्या पायात वाळे आहेत. ते लेकरू आज पन्नाशीत असेल, कदाचित इथंच बसलं असेल. चौथी वयस्कर आहे, हातात टाळ आहे, म्हणजे ती नुसती स्वयंपाकाची नव्हती. सहावी फोटोच्या वेळी हलली, बहुतेक हसली, त्यामुळं तोंड पुसट आहे, पण दंडावर गोंदलेलं स्पष्ट दिसतं. एक जण म्हणतात ती नेवाशाकडची, दुसरे म्हणतात आपल्याच सावंगीची. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून न्या, दिवे जाण्याआधी दाखवा. खाली वही आणि पेन बांधून ठेवलं आहे.

रामकृष्ण हरी.